स्कॉट्स भाषेतील ‘सॉख्ट’ आणि आपले ‘समाधान’

शब्दवेध

स्कॉट्स भाषेतील जुन्या म्हणींचे मराठी भाषांतर करण्याचा उद्योग मी काही महिन्यांपासून करत आहे. त्यातील एका म्हणीपाशी मी अडलो आणि त्या अडण्यातूनच हा धागा सुरू करावासा वाटला. ती म्हण अशी आहे: ‘बेटर सॉख्ट वि लिटल ऑख्ट, दॅन केअर वि मोनी अ कू.’ यातील ‘ऑख्ट’ म्हणजे मालकीची वस्तू किंवा मालमत्ता, ‘केअर’ म्हणजे विवंचना, ‘मोनी’ म्हणजे पुष्कळ आणि ‘कू’ म्हणजे गाय. राहता राहिला ‘सॉख्ट’. कोशात त्याचे अर्थ शांतता, स्वस्थता, आराम, मनाची निश्चिंती असे मिळतात. त्यामुळे माझ्या पहिल्या खर्ड्यात मी सरळ ‘शांती’ असे लिहून मोकळा झालो होतो. पुढे या शब्दाचा इतिहास पाहिला, तेव्हा ते भाषांतर चुकीचे नसले तरी फार उथळ आहे असे लक्षात आले.

प्रथम उच्चाराविषयी सांगतो. शब्दाच्या मधला आवाज आपल्या ‘ख’पेक्षा घशातून घासून येणारा आहे, उर्दूतील ‘ख़बर’मधला ख़ ऐकला असेल तर तो लगेच ओळखू येईल. इंग्रजीने हा आवाज कधीच टाकून दिला, लिहिताना फक्त त्याची खूण शिल्लक ठेवली. स्कॉट्सने मात्र तो राखला, म्हणून रात्रीला ‘निख्ट’ आणि प्रकाशाला ‘लिख्ट’ म्हणणारे लोक आजही तेथे भेटतात. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. स्कॉट्स म्हणजे स्कॉटलंडमधील गेलिक नव्हे. गेलिक ही केल्टिक कुळातील भाषा आहे, तर स्कॉट्स ही इंग्रजीची सख्खी बहीण असून दोघींचा जन्म जुन्या इंग्रजीच्या वेगवेगळ्या बोलींतून झाला आहे.

आता मूळ मुद्दा. जॉन जेमिसन यांनी 1808 मध्ये स्कॉट्स भाषेचा व्युत्पत्तिकोश दोन खंडांत प्रसिद्ध केला, त्यात हा शब्द आहे. पुढे 1700 पर्यंतच्या भाषेसाठी बारा खंडांचा आणि त्यानंतरच्या भाषेसाठी 1931 ते 1976 या काळात दहा खंडांचा कोश तयार झाला. 2004 पासून ते दोन्ही कोश संगणकावर एकत्र पाहता येतात. या कोशांच्या आधारे शब्दाचा माग काढत मागे गेलो की शांततेचा अर्थ हळूहळू मागे पडतो आणि त्याच्या जागी समेट, तंटा मिटणे, दोन पक्षांत पुन्हा सलोखा होणे हा अर्थ पुढे येतो. विशेषण म्हणून ‘सॉख्ट’ असणे म्हणजे ज्याच्याशी वैर होते त्याच्याशी वैर उरलेले नसणे.

उत्तरकालीन जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘सख्त’ अशा रूपात दिसतो. कोशकार त्याचे मूळ नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातील जुन्या भाषेतील ‘सात्त’ या शब्दाच्या अधिक जुन्या रूपात शोधतात आणि नॉर्समध्येही त्या शब्दाचा अर्थ तडजोड, समेट असाच आहे. त्यापासून तयार झालेले क्रियापद पीटरबरो मठातील इतिवृत्तात 1140 च्या नोंदीत भेटते. इंग्लंडचा राजा स्टीफन आणि चेस्टरचा सरदार रॅनल्फ यांच्यात मोठे वैर माजले होते. त्या दोघांनी स्टॅम्फर्ड येथे समेट केला, शपथा घेतल्या आणि एकमेकांना दगा न देण्याचे वचन दिले, असे लिहिताना इतिवृत्तकाराने हेच क्रियापद वापरले आहे. तो समेट टिकला नाही आणि राजाने पुढे रॅनल्फला पकडले, हेही तोच इतिवृत्तकार लगोलग सांगतो. म्हणजे त्या काळी हा शब्द शपथांच्या, जामिनांच्या आणि राजकारणाच्या जगात वावरत होता. मनाच्या निवांतपणाशी त्याचा संबंध अजून दूरचा होता.

तंटा मिटवण्यासाठी इंग्रजीत आज जे ‘सेटल’ हे क्रियापद वापरतात, ते मूळचे बसणे, बसवणे या अर्थाचे. पण वाद मिटवण्याचा अर्थ त्याला चिकटण्यात या लुप्त झालेल्या क्रियापदाचा वाटा असावा, असे अभ्यासक मानतात. दोन शब्दांचे आवाज जवळचे असल्याने एकाचा अर्थ दुसऱ्याने आपल्या घरात घेतला. इंग्रजीत सॉख्ट असा दुसऱ्याच्या नावावर जगत आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

आणि आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा दुवा. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या वायव्य भागातील बोलीत एका अज्ञात कवीने ‘पर्ल’ नावाचे काव्य लिहिले. हरवलेल्या मोत्याच्या रूपाने आपल्या लहानग्या मुलीच्या मृत्यूचा शोक त्यात आहे. त्या शोकाचे वर्णन करताना कवी म्हणतो की, विवेकाने मला ‘सख्त’ (सॉख्टचेच जुने रूप) करण्याचा प्रयत्न केला, तरी काळजात दुःख दडून बसलेच होते. येथे दोन सरदार नाहीत आणि शपथाही नाहीत. एकाच माणसाच्या आत दोन पक्ष आहेत आणि विवेक मध्यस्थी करू पाहत आहे. भांडण मिटणे या अर्थापासून मन निवणे या अर्थापर्यंतचा रस्ता कोठून गेला असेल, हे या एका ओळीत मला दिसले.

मराठीत अगदी हाच रस्ता चालून आलेला शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, तो म्हणजे ‘समाधान’. सम् आणि आ या उपसर्गांसह ‘धा’ धातू, म्हणजे नीट एकत्र ठेवणे, जुळवणे. शंकासमाधान या जोडशब्दात तो जुना अर्थ अजून शाबूत आहे, तेथे शंकेचा निकाल लावणे अभिप्रेत असते. हिंदीत ‘समस्या का समाधान’ म्हणतात तेव्हाही तोच अर्थ आहे. मराठीने मात्र निकाल लागल्यानंतर मनाला जे वाटते त्यालाच ते नाव दिले. ‘चित्ती असो द्यावे समाधान’ असे तुकोबा म्हणतात, तेव्हा ते निकालाविषयी बोलत नसतात. म्हणून सॉख्टचे भाषांतर ‘शांती’ न करता ‘समाधान’ करावे, असे माझे मत झाले आहे. जाणकारांनी आपली मते मांडावीत, ही विनंती.

अबोली

लेख अतिशय आवडला. ‘सॉख्ट’ वाचताना मला प्रथम ‘सौख्य’ आठवले आणि पाठोपाठ ‘सख्य’. एकात सुख आहे, दुसऱ्यात मैत्री आहे आणि आपण सांगितलेल्या शब्दात हे दोन्ही अर्थ आहेत. संस्कृत आणि युरोपातील भाषा एकाच कुळातील असल्याने हे शब्द मुळात एकच असण्याची शक्यता आहे का?

शब्दवेध

अबोलीताई, मलाही पहिल्या क्षणी तसेच वाटले होते, हे मान्य करतो. परंतु हे साम्य केवळ कानाचे आहे. ‘सौख्य’ हा ‘सुख’ या शब्दापासून आदिस्वराची वृद्धी होऊन बनला आहे आणि ‘सख्य’ हा ‘सखि’पासून, दोन्हींत शेवटी ‘य’ प्रत्यय आहे. सॉख्टमधील शेवटचा ‘ट’ हा त्यातील प्रत्ययाचा भाग आहे आणि त्याआधीचा घर्षणयुक्त आवाज जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, नॉर्स इत्यादी) भाषांत ‘क’ किंवा ‘ग’ यांच्यापासून ‘त’च्या शेजारी नियमाने तयार झालेला आहे. आपला ‘ख’ त्या जागी बसत नाही.

परंतु कुळाचे नाते याच आवाजात दुसऱ्या तऱ्हेने दिसते. आठ या संख्येला स्कॉट्समध्ये ‘ऑख्ट’ म्हणतात (म्हणीतील मालमत्तावाचक शब्दाचा उच्चार योगायोगाने तोच आहे, पण तो शब्द वेगळा). संस्कृतात ‘अष्ट’ आणि नॉर्समध्ये ‘आट्टा’. नॉर्सने ‘ख्त’ या जोडाक्षराचे ‘त्त’ केले आणि आधीचा स्वर लांबवला. आपल्याकडे प्राकृताने ‘अष्ट’चे ‘अट्ठ’ केले आणि मराठीने त्याचे ‘आठ’. ‘सप्त’, ‘सत्त’, ‘सात’ ही पायरीही तशीच. म्हणजे नॉर्समधील ‘सात्त’ आणि स्कॉट्समधील ‘सॉख्ट’ यांच्यात जो फरक आहे, तो आपल्या ‘आठ’ आणि ‘अष्ट’ यांच्यातील फरकासारखा आहे. नॉर्सने शब्द घासून गुळगुळीत केला, तर स्कॉट्सने त्याचा जुना खडबडीतपणा सांभाळून ठेवला.

उत्तरवात

मी गेली काही वर्षे स्कॉटलंडमधील ॲबर्डीनशायरमध्ये राहतो. सॉख्ट हा शब्द मी तेथे कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, तो आता पुस्तकांपुरताच उरला आहे. परंतु शांततेचा दुसरा एक जुना शब्द ऐकला आणि तो येथे सांगण्यासारखा आहे. आमच्या शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याने एकदा कुंपणाच्या भिंतीमागे उभे राहून, येथे ‘लाउन’ आहे, असे मला सांगितले. उत्तर समुद्राकडून येणारा वारा त्या दिवशी फार बोचरा होता आणि भिंतीच्या आडोशाला तो लागत नव्हता.

‘लाउन’ हा शब्द नॉर्स भाषेतील ‘लोग्न’पासून आला असून त्याचा मूळ अर्थ वारा पडलेला असणे असा आहे. त्यावरून वाऱ्यापासून आडोसा असलेली जागा, मग शांत समुद्र, मग शांत माणूस आणि हळू आवाज असे अर्थ विस्तारत गेले. कोणाला हळू बोलायला सांगायचे असले तरी हा शब्द चालतो. जेथे झाडे थोडी आणि वारा अखंड, तेथे शांततेची कल्पना वाऱ्यापासून सुरू व्हावी, हे तेथे एक हिवाळा काढला की आपोआप पटते.

शब्दवेध यांनी समाधानाची जोड दिली, तशी मला येथे ‘निवांत’ या शब्दाची जोड द्यावीशी वाटते. ‘निवांत’चा संबंध संस्कृत ‘निवात’शी जोडला जातो आणि निवात म्हणजे जेथे वारा नाही अशी जागा. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला निवात जागी ठेवलेल्या, न हलणाऱ्या दिव्याची उपमा दिली आहे. आज आपण ‘रविवारी निवांत भेटू’ म्हणतो तेव्हा वाऱ्याची आठवण कोणालाच होत नाही. स्कॉटलंडमधील त्या शेतकऱ्याच्या शब्दात ती अजून ताजी आहे.

ग्रंथपाल

चर्चा उत्तम चालली आहे. मात्र मूळ लेखातील एका मांडणीविषयी मला आक्षेप नोंदवायचा आहे. आधी समेट, मग मनःशांती, असा सरळ रेषेतला प्रवास दाखवण्यात आला आहे. कोशातील अर्थांना क्रमांक असतात आणि ते क्रमांक म्हणजेच इतिहास आहे असे वाटू लागते. प्रत्यक्षात मध्ययुगातील लेखनात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदताना दिसतात. ‘पर्ल’मधील ज्या ओळीचा आपण दुवा म्हणून उपयोग केला आहे, ती ओळ दोन काळांमधील पूल आहे की तेव्हाच रूढ असलेल्या दुसऱ्या अर्थाचा साधा वापर आहे, हे एका ओळीवरून ठरवता येणार नाही. शिवाय ते काव्य अनुप्रासाचे आहे. त्या कवींना एकाच व्यंजनाने सुरू होणारे अनेक शब्द हाताशी लागत आणि त्यामुळे बोलण्यातून मागे पडलेले शब्दही त्यांच्या ओळींत टिकून राहत. अशा काव्यावरून बोलभाषेचा काळ ठरवणे धोक्याचे असते.

दुसरे असे की, समेट या अर्थामागे जी सामाजिक व्यवस्था होती, तिचा उल्लेख झाला पाहिजे, अन्यथा हा अर्थ हवेत तरंगतो. स्कॉटलंडमध्ये सोळाव्या शतकापर्यंत खुनाचा प्रश्न पुष्कळदा दोन कुळांमध्ये मिटवला जात असे. मारेकऱ्याच्या बाजूने मृताच्या नातलगांना भरपाई दिली जाई आणि ती मिळाल्यावर नातलग एक पत्र लिहून देत, ज्यात आमचा राग आता उरला नाही आणि आम्ही या माणसाला क्षमा केली आहे, असे नमूद असे. अशा पत्राला स्कॉट्स कायद्यात ‘लेटर ऑफ स्लेन्स’ म्हणत. मे 1587 मध्ये सहाव्या जेम्स राजाने एडिंबरा येथे परस्परांचे वैरी असलेल्या सरदारांना मेजवानी दिली आणि नंतर त्यांना जोडीजोडीने, एकमेकांचे हात धरून, भर रस्त्यातून बाजारातील क्रॉसपर्यंत (चौकातील दगडी खांबापर्यंत) चालायला लावले. समेट ही मनातली गोष्ट नव्हती, ती सर्वांना दिसावी लागे. पुढे 1598 मध्ये वैरांविषयी कायदा झाला आणि ही प्रकरणे हळूहळू राजाच्या न्यायालयाकडे गेली.

शब्द मागे का पडला, याचेही उत्तर काही अंशी येथे आहे असे मला वाटते. तह आणि करार लॅटिनमध्ये किंवा फ्रेंचमध्ये लिहिले जात आणि ‘पीस’ हा फ्रेंच शब्द राजदरबारातून खाली उतरला. स्वस्थतेच्या अर्थी ‘ईझ’ हा दुसरा फ्रेंच शब्द आला. जॉन बार्बर यांनी 1375 च्या सुमारास रचलेल्या ‘ब्रूस’ या काव्यात स्वातंत्र्याची जी प्रसिद्ध स्तुती आहे, तीत स्वतंत्रपणे जगणारा माणूस ‘ईझ’मध्ये जगतो, असेच म्हटले आहे. सॉख्टच्या दोन्ही अर्थांची जागा अशी दोन पाहुण्या शब्दांनी वाटून घेतली.

शब्दवेध

ग्रंथपाल सर, आपला आक्षेप मान्य आहे. ‘प्रवास’ या रूपकाने माझी दिशाभूल केली. दोन्ही अर्थ एकाच वेळी होते, परंतु बाराव्या शतकातील उपलब्ध लेखनात समेटाचा अर्थ ठळक आहे आणि अठराव्या शतकातील म्हणींत स्वस्थतेचा, एवढेच विधान मी करायला हवे होते. ‘पर्ल’मधील ओळीविषयी मात्र मी थोडा हटून बसतो. तेथे कवीने विवेकाला कर्ता केले आहे आणि विवेक माझा माझ्याशीच मेळ घालू पाहतो असे म्हटले आहे. केवळ ‘मी शांत झालो’ एवढेच सांगायचे असते, तर या तिसऱ्या पक्षाची गरज नव्हती. समेटाचा अर्थ कवीच्या मनात जागा होता, इतके तरी त्यावरून दिसते.

हात धरून चालण्याचा प्रसंग मला ठाऊक नव्हता. त्याबद्दल मनापासून आभार.

कोयनाकाठ

शांततेच्या जुन्या शब्दांविषयी बोलणे चालले आहे, तर ‘गर्थ’ या शब्दाला वगळता येणार नाही. नॉर्स ‘ग्रिद’ म्हणजे प्रथम राहण्याचे घर, मग घरात मिळणारे संरक्षण आणि मग अभयदान किंवा तात्पुरता युद्धविराम. इंग्रजीत तो ‘ग्रिथ’ झाला आणि स्कॉट्समध्ये वर्णांची अदलाबदल होऊन ‘गर्थ’. आपल्याकडे काही जण ‘चिखल’चे ‘चिलख’ करतात, तसाच हा प्रकार. स्कॉटलंडमध्ये या शब्दाला पवित्र आश्रयस्थान असा नेमका कायदेशीर अर्थ मिळाला. पहिल्या डेव्हिड राजाने 1144 मध्ये लेस्माहॅगो येथील मठाला असा आश्रयाचा अधिकार दिला होता.

एडिंबरातील होलीरूड मठ त्याच राजाने 1128 मध्ये स्थापन केला. त्याच्या आश्रयक्षेत्राची हद्द कॅननगेट या रस्त्याच्या खालच्या टोकाला ‘गर्थ क्रॉस’ने दाखवलेली होती. सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर इतर ठिकाणचे आश्रय संपले, पण होलीरूडचा आश्रय कर्जबाजारी लोकांसाठी चालू राहिला. सावकाराच्या तगाद्याने पळालेला माणूस ती हद्द ओलांडून आत आला की त्याला चोवीस तास कोणी हात लावू शकत नसे. पुढेही राहायचे असेल तर तेथील बेलिफाकडे (आश्रयक्षेत्राच्या अधिकाऱ्याकडे) नोंद करावी लागे. रविवारी कर्जासाठी अटक होत नसल्याने त्या दिवशी ही मंडळी शहरात जाऊन आप्तांना भेटत आणि मध्यरात्रीपूर्वी परतत. लेखक थॉमस डी क्विन्सी यांनीही 1830 च्या दशकात तेथे आसरा घेतला होता. कर्जासाठी कैद करण्याची पद्धत 1880 च्या कायद्याने जवळपास संपली, तेव्हा या आश्रयाचेही प्रयोजन उरले नाही. राजवाड्यासमोरच्या रस्त्यात पितळी अक्षरे बसवून ती जुनी हद्द आजही दाखवलेली आहे.

मला या शब्दात जे महत्त्वाचे वाटते ते असे: सॉख्टसाठी समोरच्या पक्षाची संमती लागते, लाउनसाठी वारा पडावा लागतो, पण गर्थ हा पाठलाग चालू असतानाच मिळतो. भांडण मिटलेले नसते, देणेही फिटलेले नसते, तरी माणूस एका रेषेच्या आत येऊन श्वास घेऊ शकतो. याला ‘शांती’ म्हणता येणार नाही आणि ‘समाधान’ तर मुळीच नाही. ‘अभय’ हाच शब्द योग्य ठरेल.

जाता जाता मराठीशी असलेला एक खरा दुवा सांगतो. स्कॉटलंडच्या इंग्लंडलगतच्या सीमाप्रदेशातील स्टो या गावाच्या चर्चलाही असा आश्रयाचा अधिकार होता आणि त्या परिसरातून मेलरोजच्या मठाकडे जाणाऱ्या जुन्या वाटेचे नाव ‘गर्थगेट’ असे आहे (स्कॉट्समध्ये ‘गेट’ म्हणजे दार नव्हे, रस्ता). तेथून जवळच लॉडर हे गाव आहे. मुंबईतील विल्सन महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते जॉन विल्सन 1804 मध्ये तेथेच जन्मले. मोल्सवर्थ यांच्या मराठी कोशाच्या 1857 च्या आवृत्तीत मराठी भाषेच्या घटकांविषयीचा निबंध त्यांचाच आहे.

अबोली

कोयनाकाठ यांच्या प्रतिसादामुळे शब्दांमधील भेद मला स्पष्ट झाला. मी थोडी स्वीडिश शिकले आहे, म्हणून एक भर घालते. स्वीडिशमध्ये एखादे काम घाई न करता, निवांतपणे करण्याला ‘ई लुग्न ओक रू’ म्हणतात. त्यातील ‘लुग्न’ म्हणजे उत्तरवात यांनी सांगितलेल्या लाउनचेच भावंड. ‘रू’ म्हणजे विश्रांती. तोही शब्द जुन्या स्कॉट्समध्ये होता का?

ग्रंथपाल

होय. जुन्या स्कॉट्समध्ये ‘रो’ असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ विसावा, स्वस्थता असाच आहे. मध्ययुगीन कवितेत तो बहुतेक वेळा ‘रेस्ट अँड रो’ अशा जोडीने येतो. जर्मन भाषेतील ‘रूहे’ही त्याच मुळाचा. आपल्याकडे ‘बाजारहाट’ किंवा ‘कागदपत्र’ या जोड्यांत समान अर्थाचे दोन शब्द एकमेकांना धरून राहतात, तसा ‘रो’ हा ‘रेस्ट’ला धरून राहिला होता. जोडी सुटल्यावर तो एकटा टिकला नाही. मराठीत त्याला ‘विसावा’ हाच शब्द मी देईन, कारण त्यात श्रम थांबल्याची जाणीव आहे आणि तंटा, वारा किंवा पाठलाग यांपैकी काहीही गृहीत धरलेले नाही.

शब्दवेध

म्हणीचे भाषांतर आपल्या सर्वांच्या सूचनांनंतर पुन्हा केले आहे: ‘थोडक्यात समाधान बरे, गाईगुरांपायी विवंचना नको.’ मूळ म्हणीतील ‘सॉख्ट’ आणि ‘ऑख्ट’ यांचे यमक मला मराठीत आणता आलेले नाही. तेच यमक ही म्हण लोकांच्या ओठांवर राहण्याचे एक कारण असावे, म्हणून ते सोडताना वाईट वाटते. ‘समाधान’ आणि ‘धन’ यांची जोडी जमते का ते पाहत होतो, परंतु धन म्हटले की पैसा डोळ्यांसमोर येतो आणि म्हणीत गाई आहेत. कोणाला दुसरी जोडी सुचल्यास अवश्य लिहावी.

उत्तरवात

गावाकडे गुरांनाच धन म्हणण्याची पद्धत आहे. ‘गोधन’ हा शब्द वापरला तर गाई जाणार नाहीत आणि यमकही साधेल. ‘थोडक्यात बरे समाधान, नको विवंचनेचे गोधन’ असे करून पाहावे.

शब्दवेध

हे घेतो. ‘विवंचनेचे’ऐवजी ‘काळजीचे’ केले तर ओळ बोलायला हलकी होईल. तेवढा बदल करून खर्ड्यात लिहून ठेवले आहे.